प्रमाणन अडले ते बायॉसच्या एका पर्यायावर

आमच्या इंदूरच्या कंपनीची लेखाप्रणाली एका सर्व्हर उत्पादकाच्या नव्या, दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरवर प्रमाणित करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. ते पूर्ण झाले आणि उत्पादकाच्या सूचीत आमच्या प्रणालीचे नावही लागले. तरी मधल्या एका टप्प्याची चीड अजून ओसरलेली नाही, आणि हीच वाट धरणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रमाणनाची निकड ग्राहकांमुळे निर्माण झाली होती. सेंटओएस ७ या लिनक्स कार्यप्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, त्यामुळे आमच्या ग्राहक सहकारी बँकांना नवी कार्यप्रणाली आणि तिच्याबरोबर नवे सर्व्हर घ्यावे लागले, आणि प्रत्येक बँकेचा पहिला प्रश्न, ‘या सर्व्हरवर तुमची प्रणाली प्रमाणित आहे का?’ असाच होता. भागीदार म्हणून नोंदणी, गोपनीयतेचा करार आणि स्थापनेची चाचणी हे टप्पे रीतसर पार पडले.

अडले ते कार्यक्षमतेच्या चाचणीत. सर्व्हर उत्पादकाच्या प्रयोगशाळेत होता, आम्हांला केवळ कार्यप्रणालीत दुरून प्रवेश होता, आणि बायॉस, म्हणजे संगणक सुरू होताना हार्डवेअरची मांडणी ठरवणारी मूळ प्रणाली, पाहण्याची किंवा बदलण्याची मुभा नव्हती. लागोपाठच्या फेऱ्यांचे निकाल एकमेकांपासून ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नयेत, असा नियम होता. आमच्याकडे तोच डेटा आणि तीच मांडणी असताना एक फेरी वेगाने पूर्ण होई आणि पुढची रेंगाळे. प्रयोगशाळेकडून उत्तर आले की दोष आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ट्यूनिंग करून पुन्हा यावे. वास्तविक ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (कार्यप्रणालीने मेमरीची मोठी पाने आपोआप देण्याची सोय) बंद होती, प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी मांडणी) ‘परफॉर्मन्स’वर होता आणि डेटाबेसच्या सामायिक मेमरीसाठी ह्यूज पेजेस, म्हणजे मेमरीची मोठी पाने, आधीच राखून ठेवलेली होती.

शेवटी माझ्या एका तरुण सहकाऱ्याने ‘एलएससीपीयू’ या प्रोसेसरची रचना दाखवणाऱ्या आज्ञेचा निकाल समोर ठेवला आणि विचारले, “ताई, प्रोसेसर दोन आहेत, मग न्यूमा नोड आठ कसे?” प्रश्न अगदी नेमका होता. न्यूमा नोड म्हणजे प्रोसेसरचे काही गाभे आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट. एएमडीच्या एपिक प्रोसेसरांत एनपीएस (प्रत्येक सॉकेटमागे, म्हणजे प्रोसेसरमागे, किती नोड) नावाचा बायॉसचा पर्याय असतो. तो १ वर असला की प्रत्येक सॉकेटचा एकच नोड दिसतो, ४ वर असला की चार. दोन सॉकेटांचे मिळून आठ. प्रयोगशाळेने भरून दिलेल्या प्रपत्रात मात्र एनपीएस १ असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्या प्रक्रिया आपापल्या मेमरीपुरत्याच बांधून ठेवता येतात, त्यांना एनपीएस ४ लाभदायक ठरतो; परंतु आमच्या पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये सर्व प्रक्रिया एकाच मोठ्या सामायिक मेमरीकडे धाव घेतात, त्यामुळे कोणती प्रक्रिया कोणत्या नोडवर पडली आणि तिला हवा असलेला डेटा जवळच्या मेमरीत आहे की दूरच्या, यावर आमच्या फेरीचा वेग ठरत होता.

कारण सापडले, पण बदल करणे आमच्या हाती नव्हते. आम्ही तक्रार नोंदवली. पहिल्या पातळीवरच्या व्यक्तीने आधीच जोडलेल्या नोंदी पुन्हा मागवल्या, नंतर ‘सॉफ्टवेअरचा प्रश्न’ असा शेरा मारून तक्रार बंद केली, आणि ती पुन्हा उघडल्यावर कळले की बायॉस बदलायला दुसऱ्या देशातील एका गटाची मंजुरी लागते आणि तो गट आमच्या रात्रीच्या वेळी काम करतो. ज्या प्रपत्रावर त्यांचीच स्वाक्षरी होती, त्यातील नोंद आणि त्यांच्याच सर्व्हरची स्थिती यांत फरक आहे, एवढेच आम्ही दाखवत होतो. तरी सिद्ध करण्याचे ओझे आमच्यावर होते, हे मला आजही अन्यायाचे वाटते. मंजुरी आली ती अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, सगळे इंदूर झांक्या पाहायला बाहेर पडलेले असताना. आम्ही कार्यालयातच थांबलो, सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर नोड दोनच दिसले, आणि त्यानंतरच्या सर्व फेऱ्या मर्यादेच्या आत आल्या. आमच्या सॉफ्टवेअरची एक ओळही बदलावी लागली नाही, याचा मला अभिमान आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की पहिली फेरी चालवण्यापूर्वी बायॉसच्या सर्व पर्यायांची प्रत भागीदाराकडून लेखी मागावी आणि ‘एलएससीपीयू’ व ‘न्यूमासीटीएल’ (नोडांची मांडणी दाखवणारी आज्ञा) यांच्या निकालाशी ती स्वतः ताडून पाहावी. तक्रारीत ‘वेग कमी आहे’ असे लिहिल्यास ती सॉफ्टवेअरच्या खात्यात जाते. ‘प्रपत्रात दोन नोड, प्रत्यक्षात आठ’ असे लिहिल्यास तिला बगल देणे कठीण जाते.

ह्यूज पेजेसविषयी एक गोष्ट वर राहून गेली. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये हा पर्याय मुळात ‘ट्राय’वर असतो, म्हणजे पुरेशी पाने न मिळाल्यास डेटाबेस गाजावाजा न करता ४ केबीच्या साध्या पानांवर सुरू होतो. चाचणीपुरता तो ‘ऑन’ ठेवावा; पाने कमी पडली तर डेटाबेस सुरूच होणार नाही आणि उणीव तत्काळ कळेल. २ एमबीची किती पाने लागतील, हे आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेसक्यूएल स्वतःच सांगते.

आणि मंजूर झालेल्या प्रपत्रात बायॉसची व कर्नलची (कार्यप्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती नोंदवलेली आहे की नाही, हे अवश्य पाहावे. आमच्या प्रपत्रात बायॉसच्या आवृत्तीचा रकाना रिकामा होता. तो भरून घेतल्याशिवाय मी अंतिम प्रतीवर सही केली नाही.