दोन बोर्ड बदलले, मशीन काही फिरेना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण दोन्ही पोरांना घेऊन माहेरी आली आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या वॉशिंग मशीनने मान टाकली. घरात आठ माणसं, पोरांच्या प्रत्येक शर्टावर आमरस, गच्चीवर कुरडया टाकलेल्या त्या चादरी वेगळ्याच, आणि मशीन काय करायचं तर पाणी घ्यायचं, ड्रम अर्धा फेरा फिरायचा, थांबायचा, उलटीकडे जरासा हलायचा, असं तीन-चारदा झालं की डिस्प्लेवर मोटरचा एरर. सात किलोचं फ्रंट लोड, सहा वर्षं झालेली, वॉरंटी केव्हाच संपलेली.

मेकॅनिक आला, वरचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि म्हणे मेन बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं मुख्य सर्किट, गेला. वायरी तपासायचं मीटर बॅगेतच. 6,800 रुपये. अमळनेरात मिळाला नाही, जळगावहून मागवला, त्यात चार दिवस गेले, तोवर आई, बायको, बहीण आळीपाळीने मोरीत. नवा बोर्ड बसवून त्याने बटणं दाबून मॉडेलचा कोड फीड केला, एकच बोर्ड बऱ्याच मॉडेलांना चालतो म्हणून ते करावं लागतं, तेवढं काम त्याने बरोबर केलं. मशीन चालू केलं, तोच अर्धा फेरा, तोच एरर. मग म्हणे डिस्प्लेचा बोर्ड असेल. इथे मी नाही म्हणायला पाहिजे होतं, पण एकदा पैसे गेले की माणूस पत्त्यातल्या हरलेल्यासारखा वागतो, अजून 3,200 टाकले. तर आता एररच बदलला! दोन बोर्डांचं एकमेकांशी बोलणं होत नाही असा नवा एरर, आणि आधी निदान पाणी तरी घ्यायचं ते पण बंद. नवा पीस डिफेक्टिव असेल, बघतो, म्हणाला आणि त्यानंतर फोन उचलेना.

शेवटी शेतातल्या मोटरी भरून देणारा एक मित्र आहे त्याला बोलावलं. वॉशिंग मशीन त्याने आयुष्यात उघडलेलं नव्हतं पण मीटर घेऊन आला. सॉकेटमधून प्लग काढला आणि म्हणे आधी चहा सांग, दहा मिनिटं हात लावायचा नाही, अशा बोर्डावर 230 चा एसी डीसी होतो, कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत साठून राहतो, प्लग काढला तरी झटका देतो. (हे मला माहीत नव्हतं, मी आदल्या रात्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत हात घालून बसलो होतो.)

चहा झाल्यावर नवा एरर पाच मिनिटांत निघाला. दोन बोर्डांमधल्या केबलच्या कनेक्टरमधली एक पिन मागे सरकलेली, घाईत दाबून बसवताना झालं असणार. आतून ढकलली, टिक आवाज आला. मशीन लावलं तर परत मोटरचा जुना एरर, आणि खरं सांगतो, तो बघून बरं वाटलं.

मग तो म्हणाला, मोटर फिरल्याचं बोर्डाला कळत नाहीये एवढंच हा एरर सांगतो, बोर्ड मेला असं कुठे म्हणतोय? मोटरवर एक छोटासा हॉल सेन्सर असतो, ड्रम कुठे आहे, किती वेगाने फिरतोय ते तो बोर्डाला सांगत राहतो. ती खबर आली नाही की बोर्ड दोन-चारदा ट्राय करतो आणि मोटर थांबवतो. आमच्या मशीनचं अगदी हेच चाललं होतं. सेन्सरच्या वायरी बोर्डापासून मोटरपर्यंत मीटरने एकेक करून तपासल्या, वायर अखंड असली की मीटर बीप करतं. सगळ्यांना बीप, एकीला नाही. हलवली की बीप, सोडली की गप.

मशीन भिंतीला कलतं केलं. खालून सगळं उघडंच असतं. आत उंदराच्या लेंड्या, कुरडईचे तुकडे, आणि वायरीवर दातांच्या खुणा, प्लॅस्टिक बाहेरून जवळजवळ अख्खं, आतलं तांबं तुटलेलं. आई दारात उभी होती, म्हणे, "मी सांगं व्हतं ना, रातले मशीनमा खुडखुड वाजस. तू ऐकतच नही." खरंच सांगितलं होतं तिने, दोनदा.

वायर सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवली, तारांची जुडी वर बांधली. ड्रम गरगर फिरला. मित्राला राहवेना, म्हणे जुना मेन बोर्ड लावून बघ. लावला. चालला. डिस्प्लेचा जुना लावला, तो पण चालला. दुकानदार म्हणतो इलेक्ट्रिकचा माल उघडला की परत घेत नाही.

बहीण तोवर सासरी गेली होती, चादरी मोरीतच धुऊन झाल्या होत्या. मशीनच्या खाली आता बारीक तारेची जाळी लावलीय. नवे दोन्ही बोर्ड खोक्यात पडून आहेत, तुमच्या मशीनला बसत असतील तर सांगा, अर्ध्यात देतो. पण आधी मशीन कलतं करून खाली बघा.