तुम्ही विचारलंत म्हणून : चांगली कादंबरी सापडते कुठे?

जळगावला असो की धुळ्याला, माझ्या पिशवीतून कादंबरी डोकावताना दिसली की कोणीतरी हमखास विचारते, "ताई, तुम्हाला वाचण्याजोग्या कादंबऱ्या मिळतात तरी कुठून? आम्ही दुकानातून आणतो, दोन प्रकरणे वाचतो आणि पुस्तक कपाटात जाते." माझे उत्तर ठरलेले आहे: गावातल्या ग्रंथालयातून, आणि तेही देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी बोलून. पण एवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण ग्रंथालय त्यांनाही ठाऊक असते. तिथे जाऊन नेमके काय करायचे, हे त्यांना हवे असते.

खानदेशात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय 1877 सालचे. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतली शासनमान्य ग्रंथालये आज तालुक्याच्या गावांतच नव्हे, तर अनेक खेड्यांतही आहेत. अनामत आणि मासिक वर्गणी भरली की आपण सभासद होतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

ग्रंथपालांकडे "एखादी चांगली कादंबरी द्या" अशी मागणी केली, तर ते हाताशी असलेले सर्वांत खपाचे पुस्तक पुढे करतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना आपल्याविषयी काहीतरी सांगावे लागते. अलीकडे मनापासून आवडलेली कादंबरी कोणती हे सांगावेच, पण त्याहून उपयोगी पडते ती अर्धवट सोडलेली कादंबरी आणि ती सोडण्याचे कारण: माणसे बोलतात ती पुस्तकातल्यासारखी बोलतात, शेतीचे वर्णन आहे पण लेखकाने कापसाचे शेत जवळून पाहिलेले दिसत नाही, सुरुवात उत्तम असूनही पुढे लेखक उपदेश करू लागतो, असे जे असेल ते स्पष्ट सांगावे. त्या टेबलावरचा माणूस रोज संध्याकाळी परत येणारी पुस्तके हाताळतो. कोणते पुस्तक दोन दिवसांत परत आले, कोणत्यासाठी मुदत वाढवून मागितली गेली, कोणते एकाच घरातल्या तिघांनी पाठोपाठ नेले, हे त्याला पाठ असते. म्हणून मी एक प्रश्न आवर्जून विचारते: ज्यांना हे पुस्तक आवडले, त्यांनी पुढे काय मागितले? या प्रश्नाने मला जितकी नवी नावे दिली, तितकी कोणत्याही पुरस्कारयादीने दिलेली नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे कपाटापर्यंत जाण्याची परवानगी मिळवणे. अनेक ठिकाणी वाचकाने टेबलावर पुस्तकाचे नाव सांगायचे आणि आतून ते आणून मिळायचे, अशी पद्धत असते. नम्रपणे विचारले तर बहुधा आत जाऊ देतात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक 891.463 येतो, पण आपल्याकडील कित्येक ग्रंथालयांत कादंबऱ्या सरळ दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने विकत घेतल्या त्या क्रमाने लावलेल्या असतात. नाव शोधणाऱ्याला ही रचना गैरसोयीची वाटते. मला मात्र ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यात एकेका काळाची खरेदी शेजारी शेजारी उभी राहते. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. तिची जुनी प्रत ग्रंथालयात असेल, तर तिच्या आगेमागे त्याच सुमारास घेतलेली, आज कोणी नावही न काढणारी पुस्तके सापडतात, आणि त्यांतली काही खरोखर चांगली असतात.

पुस्तक हातात आले की आधी मागची, देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी पाहावी. पहिल्या वर्षात शिक्क्यांची गर्दी आणि नंतर शुकशुकाट असेल, तर त्या पुस्तकाची तेव्हा चर्चा झाली असावी, इतकेच मी समजते. उलट, दरवर्षी दोनतीनच शिक्के, पण ते वीस-पंचवीस वर्षे न चुकता उमटलेले, असे असेल तर ते पुस्तक मी बिनधास्त घरी नेते; कोणाच्या जाहिरातीशिवाय ते एका वाचकाकडून दुसऱ्याकडे गेलेले असते. संगणकावर नोंदी सुरू झाल्यापासून ही चिठ्ठी कोरी राहू लागली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुन्हा बांधणी केलेले पुस्तकही टाळू नये. त्याचे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा गेलेला असतो, पण बांधणी उसवेपर्यंत ते वाचले गेले, हीच त्याची शिफारस. अशा पुस्तकाची पहिली दहा पाने आणि मधलाच एखादा संवाद तिथेच उभ्याने वाचावा.

नव्या लेखकांसाठी दिवाळी अंकांइतके चांगले साधन नाही. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि बऱ्याच ग्रंथालयांत थोडी जादा वर्गणी भरून महिनोन्‌महिने अंक वाचायला मिळतात. जी कथा वाचून झाल्यावरही मनातून जात नाही, तिच्या लेखकाचे नाव मी टिपून ठेवते आणि त्याचे पुस्तक मागते. अनुवादांच्या कपाटाकडेही जरूर वळावे. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांनी कन्नड, बंगाली, मल्याळम अशा भाषांतल्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांची मुखपृष्ठे साधी असल्याने त्या कपाटातच राहतात.

मागितलेले पुस्तक नसेल तर वाचकांच्या सूचनांची वही मागून घ्यावी. तिच्यात केवळ नाव लिहू नये. लेखक, प्रकाशक, किंमत आणि पुस्तक का हवे याची दोन वाक्ये लिहावीत, आणि ज्यांना तेच हवे आहे अशा आणखी दोघांना त्याखाली सह्या करायला सांगावे. अनेक ग्रंथालयांची मोठी खरेदी अनुदान हाती आल्यावर, मार्चच्या सुमारास होते. त्यामुळे ही नोंद संक्रांतीच्या आत झालेली बरी, म्हणजे यादी करायला बसणाऱ्यांच्या समोर ती वेळेवर येते.