कूस बदलण्याचा खर्च

माझी मावशी दीड वर्षापासून गोव्यात बार्देश तालुक्यातील एका खाजगी वृद्धाश्रमात आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, तिची शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली, पण ८१व्या वर्षी ती पुन्हा पायांवर उभी राहू शकली नाही. नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे बाळंतपणाचे छोटे इस्पितळ डोळ्यांसमोर येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या जागेला मात्र आपण सरसकट वृद्धाश्रमच म्हणतो, मग तिथे परिचारिका असो वा नसो.

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या माकडहाडाशी जखम झाली. आधी नुसता लाल डाग होता, पंधरा दिवसांत तिथली कातडी गेली. मी चिडून जाब विचारायला गेलो, तेव्हा व्यवस्थापिकेने वाद न घालता रात्रपाळीचे वेळापत्रक माझ्यापुढे ठेवले. आश्रमात २४ वृद्ध, त्यांतील ९ जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, आणि रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत मदतनीस बायका दोन. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असे डॉक्टर सांगतात. म्हणजे एका रात्रीत ५४ वेळा, आणि दोघींनी मिळून प्रत्येक वेळी पाचच मिनिटे धरली तरी साडेचार तास केवळ त्यातच जातात. लंगोट बदलणे, पाणी पाजणे, मध्यरात्री उठून घरी जायला निघालेल्या आजोबांना परत आणणे हे सारे त्यापलीकडचे. जाब विचारण्याचा माझा आवेश तिथेच ओसरला, पण जखम काही त्यामुळे भरली नाही.

गोव्यात आरोग्यावर सरकार खर्च करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने आयुष्मान योजना सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, खुली केली. मात्र हा पैसा इस्पितळातल्या उपचारांसाठी असतो. मावशीची जखम चिघळून तिला दाखल करावे लागले, तर आयुष्मानचे पाच लाखांपर्यंतचे दार उघडते. ती जखम होऊच नये म्हणून रात्री आणखी एक बाई ठेवायची, तर त्या पगारासाठी यांतील एकही योजना कामाची नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये पात्र ज्येष्ठांच्या हातात पडतात, पण आश्रमाचे मासिक शुल्क त्याच्या कितीतरी पट आहे.

कायदाही इथे मृदू होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातील कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची कल्पना मांडते, सेवांचा दर्जा ठरवण्याचेही बोलते, परंतु राज्य सरकार तसे 'करू शकेल' एवढेच म्हणते. प्रोव्हेदोरिया ही पोर्तुगीज अमदानीपासूनची संस्था गोव्यात सरकारी वृद्धाश्रम चालवते, हे खरे. तरी २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोक देशात ८.६ टक्के असताना गोव्यात ११.२ टक्के होते, आणि मुले परदेशी असलेल्या घरांचे कुलूप आमच्या प्रत्येक वाड्यावर दिसते. अनुदान द्यायचे तर ते खाटांच्या संख्येवर नव्हे, रात्रपाळीच्या माणसांवर द्यावे आणि कूस बदलल्याची नोंदवही तपासून द्यावे, असे माझे मत आहे. इमारतीला रंग दिल्याने माकडहाड सुखावत नाही.

आमच्या आश्रमाने श्रावणापासून तिसरी बाई ठेवली. तिचा पगार आम्ही काही नातेवाईक वाटून देतो. मावशीची जखम आता भरत आली आहे. तिच्या शेजारच्या खाटेवरील आजींचे कोणी येत नाही. त्यांचीही कूस तीच बाई बदलते, त्याबद्दल व्यवस्थापिकेने आम्हांला विचारले होते आणि आम्ही होकार दिला.