‘सत्कार ओढवला’ का खटकतं?

कॉर्पस म्हणजे भाषेच्या अभ्यासासाठी संगणकावर जमवलेला खऱ्या वापरातला मजकूर. त्याच्या पहिल्या तासाला मी व्याख्या सांगत नाही. फळ्यावर चार ओळी लिहिते आणि चारही ओळींतून एकच क्रियापद गाळते.

त्यांच्या कुटुंबावर मोठं संकट ____.
मजुरांवर उपासमारीची वेळ ____.
पराभवाची नामुष्की संघावर ____.
त्याने सगळ्यांचा रोष ____ घेतला.

पहिल्या तीन ओळींना मुलं पटकन ‘आलं, आली, आली’ म्हणतात, आणि ते चूकही नाही. अडतं ते चौथ्या ओळीला. ‘रोष येऊन घेतला’ असं कुणी म्हणत नाही. मग मागच्या बाकावरून हळूच येतं, ‘ओढवून’. लगेच वरच्या तिन्ही जागा भरल्या जातात. त्या क्षणासाठी मी दरवर्षी हा तास घेते.

मग संगणकावर जातो. बातम्यांच्या मजकुराचा साठा उघडून ‘ओढव’पुढे तारा (*) टाकायचा, म्हणजे ओढवला, ओढवली, ओढवलेल्या, ओढवून सगळी रूपं एकदम मिळतात. (फक्त ‘ओढ’ टाकलं की ओढणी आणि ओढासुद्धा येतात. ही चूक मी मुद्दाम करू देते.) शब्द मधोमध, दोन्हीकडे त्याचा संदर्भ, असा कॉन्कॉर्डन्स समोर येतो. इंग्रजी उदाहरणं पाहून मुलं उजवीकडच्या शब्दानुसार ओळी लावतात आणि हाती काही लागत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी, त्याची संगत डावीकडे. ओळी डावीकडून लावल्या की संकट, मृत्यू, नामुष्की, आपत्ती एकाखाली एक उभे राहतात. त्याच्याही आधी बघितलं की ‘वर’ दिसतो: कुटुंबावर, गावावर, संघावर. संकट कुणावर तरी येऊन पडतं, ते त्या ‘वर’मध्ये आहे.

शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिलं. पुढे भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी इंग्रजीतल्या ‘सेट इन’ (सुरू होऊन मुरणं) या क्रियापदाबद्दल हेच दाखवलं: त्याच्या सोबतीला बहुतेक वेळा सडणं, निराशा असलंच काहीतरी असतं. मला मात्र हे मराठीतून शिकवायला जास्त आवडतं, कारण मुलांना कानाने आधीच माहीत असलेलं डोळ्यांनी दिसतं.

यंदा एकाने वहीत लिहिलं, ‘माझ्यावर सत्कार ओढवला.’ वर्ग खळखळून हसला. मी विचारलं, का हसलात? हा नियम तुम्हाला कुणी कधी शिकवला? कुणीच नाही. ‘ओढवणे’ म्हणजे ‘येणे, गुदरणे’ एवढा अर्थ पाठ करून बसलेल्याला ते वाक्य खटकलं नसतं. आयुष्यभर ऐकलेल्या शेकडो वाक्यांमधून तो नियम त्यांच्यात मुरला होता.

तास संपताना एका मुलीने पडद्यावरची एक ओळ दाखवली: ‘त्यांच्यावर हा प्रसंग ओढवला तेव्हा…’ ती म्हणाली, ‘मॅडम, आनंदाचाही प्रसंग असतो. इथे वाईट असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी मला कळलं.’ आम्ही ती ओळ तशीच ठेवली आणि पुढच्या तासासाठी ‘प्रसंग’ हा शब्द शोधायला घेतला.