होडीवाला भरमाण्णा

आज टिळकवाडीत मित्राच्या घरी पाच तास डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि वाटेत भेटणारी पात्रं करणारा, मीच. आठवडाभर बसून देवळातल्या ड्रॅगनची सगळी तयारी केलेली आणि ही पोरं नदीकाठी होडीवाल्यापाशीच थांबली, तुझं नाव काय, घरी कोण असतंय, रात्री एकटाच काय करूलालास इथं?

माझ्याकडं नुसतं "होडीवाला" एवढंच लिहिलेलं. वहीच्या मागच्या पानावर मी नावं लिहून ठेवतो, त्यातलं पहिलंच उचललं, भरमाण्णा. मग त्याला काय पाहिजे ते ठरवलं, बाकी आपोआप येतंय. ह्याला पाहिजे होतं पलीकडच्या काठावर राहिलेलं वडिलांचं जाळं, पण अंधारात तिकडं जायची भीती. आवाज दिला शहापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका विणकर काकांचा, ते प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात आणि बोलताना बोटांनी सुताची गाठ चाचपल्यासारखं करतात. मी तेवढंच केलं आणि टेबलावर सगळी गप्प.

त्यांच्यातली एक म्हणाली, जाळं आम्ही आणतो, पलीकडं फुकट सोड. होडीवाला पटायला निदान 15 पाहिजेत असं मी मनात धरलेलं, वीस बाजूंच्या फाशावर पडले 12, वर तिच्या पात्राच्या कौशल्याचे 3. बरोब्बर 15! काय ओरडली पोरं, आतनं काकू बघायला आल्या.

ड्रॅगन राहिलाच. मला जराही वाईट वाटलं नाही खरं सांगतो, आजचा सगळ्यात भारी भाग तोच होता. घरी येऊन पहिलं वहीत लिहिलं: भरमाण्णा, घसा खाकरतो, जाळं अजून मिळालं नाही.