सात टाके घातले, सहा काढले

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. टाके काढून घ्यायला मात्र चार खेपा पडल्या. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पाठीवर उजव्या फऱ्यावर लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण शर्ट घालताना अडकायची. २०२३ च्या नवरात्रात, २० ऑक्टोबरला, शुक्रवारी ती काढली. तेवढीच जागा बधिर केली होती, मी पालथा पडून सगळं ऐकत होतो. शेवटी टाके घालताना प्रत्येक गाठीनंतर कात्रीचा ‘कच्’ आवाज यायचा. सात वेळा आला. आम्ही बेळगावच्या वडगावचे मागवाले, म्हणजे विणकर. मागावर उभं राहून आवाज मोजायची सवय लागलेली असते, ती इथंही सुटली नाही. गाठ तपासायला पाठवली होती, साधी चरबीची निघाली. विषय संपला.

डॉक्टरांनी सांगितलं, ४८ तास पट्टी भिजवायची नाही, बाराव्या दिवशी टाके काढायला यायचं. चेहऱ्यावरचे टाके पाच दिवसांत काढतात. पाठीची कातडी हात हलवला की ताणली जाते, म्हणून तिथं दहा ते चौदा दिवस ठेवतात.

घरी आईनं उपवास सोडायचा नाही म्हणून धरलं. वर वांगं खाऊ नकोस, टाके पिकतील. मी डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, अंडी खा, डाळी खा, साबुदाण्यानं जखम भरत नाही. आईला फक्त ‘डाळी खा’ एवढंच सांगितलं. खंडेनवमीला सोमवारी मागाची पूजा होती. बीमला, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या जड रुळाला, हात लावायला गेलो तर ती मागून ओरडलीच, “काय करूलास रे?” बरं झालं ओरडली. तीन आठवडे वजन उचलायचं नव्हतं आणि मी तिसऱ्याच दिवशी विसरलो होतो. टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नसतं. जखमेच्या जागेची ताकद तीन महिन्यांनीसुद्धा आधीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच पोचते, असं मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी टाक्यांभोवती लाल झालं. पट्टीला पिवळसर पाण्याचे दोन डाग. बायको म्हणाली, “अहो, पू झालाय.” पू नव्हता. पातळ, पारदर्शक, वास नसलेलं पाणी थोडं येतं. पू घट्ट असतो, गढूळ असतो, बहुतेक वेळा वास मारतो. तिनं बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढली आणि रोज संध्याकाळी त्याच ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढायला लागली. लाली रेघेबाहेर गेली, जागा गरम लागली, ठणका वाढत गेला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, असं ठरलं. लाली रेघेच्या आतच राहिली आणि आठव्या दिवसापर्यंत उतरली. शेजारच्या मावशींनी हळद-खोबरेल पाठवलं होतं, ते आम्ही स्वयंपाकात वापरलं.

आता मुख्य गोष्ट.

बारावा दिवस म्हणजे १ नोव्हेंबर. बेळगावात १ नोव्हेंबर म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, चन्नम्मा चौकाकडे गाडी जाईना; दुसरीकडे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, आपल्या मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी. गल्लीबोळातून कसाबसा पोचलो तर ओपीडीला कुलूप. तारीख ठरवताना डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ही चूक अर्धी माझी.

दुसऱ्या दिवशी गेलो. काउंटरवरचा मुलगा नवा, मराठी कळेना. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, “होलिगी तेगीबेक्री,” म्हणजे टाके काढायचेत. त्यानं असं बघितलं की जणू मी पुरणपोळी मागितली. टाका म्हणजे होलिगी आणि पुरणपोळी म्हणजे होळगी. मी नक्की काय बोललो देव जाणे. शेवटी वळून पाठच दाखवली. तो म्हणाला, “डॉक्टर इल्लरी, नाळे बर्री.” डॉक्टर नाहीत, उद्या या. ड्रेसिंगची खोली उघडी, आत सिस्टर बसलेल्या, टेबल रिकामं. पण डॉक्टरांची सही झाल्याशिवाय टाक्याला हात लावायचा नाही, आणि सर्जन मंगळवार-शुक्रवारीच. हे ऑपरेशनच्या दिवशी कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं. तुम्ही आधीच विचारा, टाके कोण काढणार आणि तो माणूस कुठल्या वारी असतो.

शुक्रवारी सकाळी नऊला नंबर लावला. सही झाली एकला. टाके निघाले दोन मिनिटांत, तेही एका शिकाऊ पोरानं, फोनवर बोलत. चिमट्यानं गाठ उचलायची, कातडीला लागून एका बाजूनं कापायचं आणि ओढायचं. बाहेरचा दोरा आतून जाऊ द्यायचा नाही, ही त्यातली खुबी. ते त्याला बरोबर जमत होतं. मी कात्रीचा आवाज मोजला. सहा. विचारलं तर म्हणाला, “झाले सगळे, काका.” त्यात मी दमलेलो, भूक लागलेली. उठून आलो. तिथंच चुकलो.

रविवारी बायकोला खालच्या टोकाला काळा ठिपका दिसला. खपली असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. रात्री फोटो मोठा करून बघितला तर खपलीतून दोन बारीक टोकं बाहेर, मुंगीच्या मिशांसारखी.

सोमवारी चौथी खेप. काउंटरवर नव्या केसपेपरचे पैसे मागितले. ड्रेसिंगच्या खोलीत म्हणाले, सहाच घातले असतील, हा खपलीचा तुकडा. केसपेपरवर आकडाच नाही. नुसतं ‘टाके घातले’. तेव्हा बायकोनं पर्समधून मोबाइल काढला, पाचव्या दिवसाचा फोटो लावला आणि सिस्टरांसमोर बोटानं एकेक गाठ मोजली. एक, दोन, तीन... सात. खोली गप्प. पैसे घेतले नाहीत. सिस्टरांनी खपली सलाईनच्या ओल्या कापसानं भिजवली, अर्ध्या मिनिटात टाका निघाला, दुखलंही नाही. आठवडाभर तिथंच राहिला असता तर ती जागा चिघळली असती, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

हो, हे राहिलंच: साखर आधी तपासून घ्या. माझी ठीक होती, पण मागच्या बाकावरच्या एका आजोबांची साखर वाढलेली, त्यांची महिनाभर पट्टीच चालली होती.

तो सातवा टाका मी गॉजवर मागून घेतला. घरी येऊन भिंगाखाली धरला. काळा नायलॉन, एकावर एक तीन वेढ्यांची गाठ. पक्की होती, नाव ठेवायला जागा नाही. फक्त आमच्या मागाच्या फणीतून गेली नसती.