वाळू छापायचं मशीन

आज शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत दिवसभर एकच विषय, धातू ओतायचे वाळूचे साचे आणि कोअर (ओतीव भाग आतून पोकळ ठेवणारा वाळूचा गाभा) छापणारा थ्रीडी प्रिंटर कुठला घ्यायचा. वाळूचा साधारण 0.3 मिलिमीटरचा थर, हव्या तेवढ्याच जागी बाइंडर (वाळूचे कण चिकटवणारा द्रव), की पुन्हा थर. पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचा नमुना, लागतच नाही!

विक्रेते वेगाबद्दल बोलत राहिले. आमच्या कोअर शॉपमधल्या मामांनी मात्र नेमकं विचारलं, "छापून झाल्यावर सुटी वाळू कोण काढणार?"

खरी मेख तिथंच आहे. वॉटर जॅकेटचा (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरायच्या पोकळीचा) नाजूक कोअर साफ करताना मोडला, तर छपाईचे सगळे तास वाया. त्यामुळं माझं मत ठरलंय: नुसता प्रिंटर नको, जॉबबॉक्स (ज्यात छपाई होते ती पेटी) आपोआप बदलणारी आणि सुटी वाळू काढून परत वापरात आणणारी पूर्ण यंत्रणाच हवी. आता चाचणी आमच्याच कोअरवर मागणार, आणि ती बघायला मामांना सोबत नेणार.